सदतिसावं खातं

सोलोतल्या आमच्या संगीतशाळेच्या संगणकखोलीत बारा यंत्रं आहेत आणि प्रत्येकावर तीन खाती: पहिल्या वर्षाचं, दुसऱ्या वर्षाचं, तिसऱ्या वर्षाचं. बारा त्रिक छत्तीस. दर सहामाहीच्या सुरुवातीला पाकदे मार्वोतो त्या खोलीकडे निघायचे आणि जाताना माझ्या वर्गाच्या दारातून सांगायचे, "बू विन, छत्तीस आहेत. जेवायला थांबू नका." मी थांबायची नाही. तीस वर्षं एका शाळेत काढली की माणूस असल्या गोष्टींकडे बघेनासा होतो. बघायला हवं होतं असं आता वाटतं, पण आता वाटून काय उपयोग.

पाकदे म्हणजे थोरले काका, आणि बू म्हणजे बाई; मी इथे गाणं शिकवते. शाळेत सगळेच त्यांना पाकदे म्हणतात, मुख्याध्यापकसुद्धा. देलांगुकडच्या भातशेतीतून एकोणिसाव्या वर्षी ते इथे आले ते मोठे गाँग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उचलून न्यायला. अक्षर चांगलं म्हणून कोणीतरी कारकुनीत बसवलं. मग टंकयंत्र आलं, ते शिकले. मग स्टेन्सिल कापले. मग संगणक आले, तेही शिकले, कोणी शिकवलं नाही. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी बाताममध्ये कारखान्यात आहे, रविवारी फोन करते. दुपारचा डबा रोज एकच, भात, आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं टेंपे आणि मिरचीची चटणी. शाळेच्या पथकात ते केतुक वाजवतात. केतुक हे एवढंसं वाद्य, दोन ठोक्यांच्या मधे एकदा टुक् करायचं आणि बाकी वेळ वाट बघायची. चाळीस वर्षांत त्यांनी कधी दुसरं वाद्य मागितलं नाही. मी एकदा म्हटलंही, "पाकदे, कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "येतो की. पण केतुकला कंटाळलेला माणूसच लागतो, उत्साही माणूस घाई करतो."

त्यांचं खरं काम गेंदिंग टाइप करून ठेवण्याचं. गेंदिंग म्हणजे गामेलानवर, आमच्या जावाच्या गाँग आणि धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यवृंदावर, वाजवायची बंदिश. आमची लिपी सोपी आहे. सूर म्हणजे आकडे: एक, दोन, तीन, पाच, सहा. टिंब म्हणजे एक मात्रा थांबायचं, मागचा सूर घुमू द्यायचा. सोळा मात्रांची ओळ, शेवटच्या मात्रेवर गाँग. हे सगळं पाकदे साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतात, कारण तिथे एक टिंब म्हणजे एकच टिंब असतं. अशा तीनशेच्या वर फाइली त्यांनी जमवल्या आहेत. पण मुलं फाइलीवर टिचकी मारतात आणि यंत्र आपल्या मनानं ती पत्र लिहायच्या मोठ्या प्रोग्राममध्ये उघडतं. तो प्रोग्राम शहाणा. त्याला वाटतं कोणीतरी रजेचा अर्ज लिहितंय, आणि तो न विचारता सुधारणा करत सुटतो. मुलांना सांगून बघितलं, पालथ्या घड्यावर पाणी. पाकदेंनी फाइलींच्या नावाला स्वतःचं वेगळं शेपूट लावून बघितलं, तर यंत्र दर वेळी विचारायला लागलं की ही कुठल्या जातीची फाइल, कशानं उघडू, आणि मुलं यादीतलं पहिलं नाव दाबून मोकळी.

म्हणून ती छत्तीस खाती. शाळेत लिनक्स आहे, फुकट मिळतं म्हणून आलं आणि राहिलं. त्यात कुठल्या जातीची फाइल कशानं उघडायची हे ज्याच्या त्याच्या खात्यात लिहिलेलं असतं. एकात बदललं म्हणून शेजारच्यात बदलत नाही. पाकदे खात्यात शिरायचे, फाइलीवर उजवं बटण, गुणधर्म, 'यानं उघडा', यादीतून साधा संपादक, 'नेहमी यानंच', बाहेर. पुढचं खातं. दर सहामाहीला खाती पुसून नवी होतात, की पुन्हा पहिल्यापासून. मोतीबिंदू वाढत गेला तसं पडद्याला नाक लावून करायचे.

या सगळ्याला एक सोपा उपाय होता, आणि तो त्यांना माहीत होता. संगणकाच्या शिक्षिका म्बाक तियास, म्बाक म्हणजे ताई, वय सव्वीस, हुशार मुलगी, तिनं नोकरी लागल्या लागल्याच सांगितलं होतं: "पाकदे, एक मुख्य फाइल असते. त्यात एकदा ओळ लिहिली की त्या यंत्रावरच्या सगळ्या खात्यांना लागू. नवीन खात्यांनासुद्धा." पाकदे म्हणाले, "हो, हो." पण त्या फाइलीला हात लावायला मुख्य पासवर्ड लागतो आणि तो तियासकडे. मागायचा कसा? मागितला तर त्याचा अर्थ असा की हे तियासनं करायला हवं होतं आणि केलं नाही. तिकडे तियासनं आपणहून द्यायचा कसा? दिला तर त्याचा अर्थ असा की पाकदेंचं काम बरोबर होत नाहीये. त्यामुळे चार वर्षं दोघं रोज एकमेकांना चहा विचारत राहिली आणि पाकदे छत्तीस खाती हातानं करत राहिले. मी सुराबायाची. आमच्याकडे माणूस रस्त्याच्या या बाजूनं त्या बाजूला ओरडून मागतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ती सोलोत राहायला आली असणार.

आता म्बाह कार्सोंकडे वळते. म्बाह म्हणजे आजोबा. वय शहाऐंशी, उभा जन्म ढोल वाजवण्यात गेलेला. त्यांच्या गुरूनं त्यांना एक गेंदिंग दिला होता, 'लेरेन', म्हणजे विसावा. तो दुसऱ्या कोणाला दिला नव्हता आणि कुठे लिहिलेला नव्हता. पाकदेंना तो हवा होता. स्वतःसाठी काही मागितलेलं मी त्यांना पाहिलं नाही, पण या एका गोष्टीसाठी ते सहा वर्षं बायातच्या वाटेवर म्बाहच्या घरी खेटे घालत होते. मागायचे मात्र नाहीत. ईदला बिस्किटांचा डबा घेऊन जायचे, तासभर गुडघे आणि पाऊस यांवर बोलायचे आणि परत यायचे. मी विचारायची, "काढला का विषय?" "अजून वेळ आलेली नाही, बू विन." सातव्या वर्षी म्हातारा आपणच म्हणाला, "त्या लेरेनचं काहीतरी करायला हवं." पाकदे मोटरसायकलवरून आले तेव्हा त्यांचा चेहरा लग्नाच्या मांडवातला होता.

म्बाहनी दिवस मोजून काढला: गुरुवार, पाहिंगचा. आमच्याकडे सात वारांबरोबर पाच दिवसांचंही एक चक्र चालतं, तेव्हा असा गुरुवार पस्तीस दिवसांनी एकदा येतो. आणि नेमकं त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यानं पाकदेंना डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली. अकरा महिने वाट बघून मिळालेली तारीख. म्हाताऱ्याला पस्तीस दिवस पुढे ढकलायचं म्हणजे, शहाऐंशीव्या वर्षी, कोणी कोणाला हमी द्यायची?

पाकदे माझ्याकडे आले. बराच वेळ खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मग म्हणाले, "बू विन, तुम्ही लिहून घ्याल?"

"घेईन की. त्यात काय."

"कागदावर घ्या. पेन्सिलीनं. मी आल्यावर टाइप करतो."

"हो, हो," मी म्हटलं. सोलोचं पाणी मलाही लागलेलंच.

फोनवर आवाज का नाही पकडला, असं कोणी विचारेल. म्बाहपुढे फोन ठेवला की ते म्हणायचे, "ठेव, न्दुक, पोरी, ठेव," आणि त्या दिवशी त्यांना काहीही आठवायचं नाही. एवढं समजल्यावर फोन कोण ठेवणार.

त्या गुरुवारी म्हातारा मुलीच्या मोटरसायकलवर मागे बसून सकाळीच आला. वर्गात सगळीकडे मुलं सराव करत होती, शांत जागा एकच, संगणकखोली. तिथे बसल्यावर मला वाटलं, आधी पेन्सिलीनं लिहा, मग पाकदेंनी ते पुन्हा टाइप करा, तेही पट्टी बांधलेल्या डोळ्यानं, हा काय द्राविडी प्राणायाम. समोर यंत्र आहे. तेवढीच त्यांची मदत. मी तियासला हाक मारली.

"बू विन, तुमचं खातंच नाहीये कुठे! तीस वर्षांत एकदाही बसला नाहीत?"

"मी गाते गं बाई. टिचक्या मारायला तुम्ही आहात."

तिनं हसत हसत चार नंबरच्या यंत्रावर माझं नवीन खातं उघडून दिलं. ते सदतिसावं. पाकदे त्या वेळी दवाखान्यात होते, त्यांचं उजवं बटण त्या खात्याला लागलेलं नव्हतं. हे मला कळायचं काही कारण नव्हतं, आणि तियासच्याही लक्षात आलं नाही. मी तिसऱ्या वर्षाची एक जुनी फाइल उघडली, आतला मजकूर पुसला, वेगळं नाव दिलं आणि म्हटलं, "चला, म्बाह."

म्बाहनी चपला काढल्या, प्लास्टिकच्या खुर्चीत मांडी घातली आणि डोळे मिटून आकडे गायला सुरुवात केली. टिंबाला काही म्हणायचे नाहीत, फक्त मांडीवर थाप. मी थाप मोजून टिंब टाकत होते. माझी सवय अशी की सूर लिहायचा, त्याला टिंब चिकटवायचं, मग जागा सोडायची. पाकदे वेगळं लिहितात, पण म्हटलं अर्थ एकच. आठ ओळी झाल्या. मी छापून काढल्या आणि कागदावर बोट ठेवून मोजल्या: सोळा, सोळा, सोळा, शेवटचीही सोळा. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. गळ्यावर जगणाऱ्या बाईनं टाइप केलेला पहिलाच गेंदिंग.

पुढच्या सोमवारी तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी तो म्हाताऱ्यासमोर वाजवला. म्बाह भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटच्या ओळीला त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मिटले. गाँग पडला. मी विचारलं, "बरोबर ना, म्बाह?"

"हो," ते म्हणाले. "छान."

मुलं खूष, मी खूष. सोलोतला 'हो' कधीच नुसता ऐकायचा नसतो, तो कुठून आला ते बघायचं असतं, हे मी बाहेरून येणाऱ्या प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगत आले आहे. पण स्वतःचं कौतुक ऐकायची वेळ आली की सगळे शहाणपण विसरतात. जाताना म्हाताऱ्यानं एक प्रत मागितली. मी आकडे मोठे करून छापले आणि वरून प्लास्टिक चढवून दिलं, टिकावं म्हणून.

पाकदे साडेतीन आठवड्यांनी आले, काळा चष्मा लावून. चहाही न घेता म्हणाले, "कागद?" मी छापलेली प्रत दिली. ते पेन्सिलीच्या कागदाबद्दल विचारत होते हे मला कळलं, पण मी न कळल्यासारखं केलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, मांडीवर थापा दिल्या. शेवटच्या ओळीला हात थांबला.

"बू विन, हा ओळीच्या सुरुवातीचा दोन... म्बाहनी दिला?"

"दिला असणार. मी कशाला माझ्या मनानं घालीन?"

"हो, हो. तसं नाही म्हणत मी."

आणि गेले. तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गाबाहेर घुटमळताना दिसले. "तुमच्या खात्यात एक मिनिट बसलो तर राग नाही ना येणार?"

आम्ही चार नंबरवर बसलो. त्यांनी फाइलीवर टिचकी मारली आणि तो मोठा पत्रांचा प्रोग्राम उघडला. पाकदे नुसतं "अं" म्हणाले. मग नवीन कागद उघडला आणि माझ्या पद्धतीनं, सुराला टिंब चिकटवून, शेवटून दुसरी ओळ टाइप केली. ती एकानं सुरू होते. एक, टिंब, जागा, पुढचे सूर. ओळ संपली. खाली जायचं बटण दाबून त्यांनी दोन्ही हात वर उचलले, जादूगार दाखवतो तसे.

खालच्या ओळीच्या सुरुवातीला आपोआप उभं राहिलं: दोन आणि टिंब.

"बघितलंत? मी काही दाबलेलं नाही."

"हे कुठून आलं?"

"त्याला वाटलं तुम्ही यादी करताय. बाजाराची. एक अमुक, तर पुढे दोन तमुक येणारच." मग त्यांनी तीन हा सूर टाइप केला, त्याच्यापुढे तीन टिंबं, आणि जागा सोडली. माझ्या डोळ्यांदेखत ती तीन टिंबं आवळून एका चिन्हाची झाली. "आणि हे आपल्या लिपीच्या अक्षरांत छापलं की एकच टिंब दिसतं. म्हणजे दोन मात्रा त्यानं खाल्ल्या आणि दोन स्वतःच्या घातल्या. त्यामुळे तुमची सोळा बरोबर भरली."

ओळ अशी होती. तीन, आणि मग तीन मात्रा काहीच नाही. नुसता थांबा. मग दोन, एक, सहा, पाच असे उतरत उतरत गाँग. सबंध लेरेनमध्ये एवढा लांब थांबा फक्त तिथेच, आणि त्या थांब्यासाठीच तो गेंदिंग बांधलेला असणार, नावच विसावा. तो थांबा माझ्यामुळे अर्ध्यावर आला होता आणि त्याच्याआधी एका प्रोग्रामनं आपला एक सूर ठेवून दिला होता. पाकदेंनी सात वर्षं बिस्किटांचे डबे वाहिले ते यासाठी. मला तिथल्या तिथे रडू आलं.

"ओरडा ना एकदा माझ्यावर," मी म्हटलं. "पेन्सिलीनं घ्या म्हणाला होतात. ओरडा!"

"डोळ्याला ताण येतो. डॉक्टर नाही म्हणालेत." मग म्हणाले, "ओळ तर सापडली, बू विन. म्बाहना एकदा ऐकवू. त्यांनी बरोबर म्हटलं की झालं."

मी तशीच उठले आणि तियाससमोर जाऊन उभी राहिले. "तो मुख्य पासवर्ड पाकदेंना दे. आत्ता."

ती गोरीमोरी झाली. "त्यांना हवा होता? बू, मला वाटायचं त्यांना हातानंच करायला आवडतं! मी चार वर्षं गप्प बसले, उगाच दुखवायला नको म्हणून."

"आणि ते गप्प बसले तुला दुखवायला नको म्हणून. आता दोघं मिळून मला दुखवा, चला."

तियासनं पाकदेंना खुर्चीत बसवलं, मागे उभं राहून सांगितलं आणि त्यांनी स्वतःच्या बोटांनी ती ओळ लिहिली: साध्या मजकुराची फाइल, साधा संपादक. एक ओळ. मग माझं खातं बंद करून उघडलं, टिचकी मारली, फाइल सरळ साध्या संपादकात उघडली. बाकीच्या अकरा यंत्रांवर तीच ओळ उतरवायला तियासला चहा निवेपर्यंतचा वेळ लागला.

"एवढंच?" पाकदे म्हणाले.

"एवढंच, पाकदे."

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. ते मांडीवर हात ठेवून पडद्याकडे बघत बसले. "मग मी काय करत होतो एवढी वर्षं?" असं त्यांनी विचारलं ते आम्हाला नव्हतं. त्या दिवशी डब्यातलं टेंपे त्यांनी तसंच परत नेलं.

पुढच्या पाहिंगच्या गुरुवारी, म्हणजे बरोबर पस्तीस दिवसांनी, आम्ही म्बाहकडे गेलो. पाकदेंनी एका डोळ्यानं मोटरसायकल चालवली, मी मागे जीव मुठीत धरून. म्हातारा ओसरीवर सारोन समोर घेऊन बसला होता. सारोन म्हणजे धातूच्या सात पट्ट्यांचं वाद्य. वर भिंतीवर खिळ्याला माझा कागद टांगलेला, प्लास्टिकसकट.

मुलगी चहा करायला आत गेली, मी तिच्यामागे. तिनं कपबश्या मांडता मांडता सांगितलं, "बू, तुमच्या कागदानं बाबांना फार त्रास दिला हो सुरुवातीला."

"का?"

"मी आकडे वाचून दाखवले ना, तर शेवटच्या ओळीला म्हणाले, पुन्हा वाच. चारदा वाचायला लावलं. मग म्हणाले, साठ वर्षं मी चुकीचं धरून बसलो. मी म्हटलं, बाबा, कागदच चुकला असेल. तर मलाच रागावले. शाळेचा कागद आहे, यंत्रातून निघालेला, तो कसा चुकेल, चुकणार ते माझं डोकं. दोन दिवस धड जेवले नाहीत. गुरूंची माफी मागायला कबरीवर जाऊन आले, एवढ्या उन्हात." तिनं साखर घातली. "मग रोज पहाटे उठून सारोनवर बसायला लागले. मी वाचायचे, ते वाजवायचे. आता पक्कं झालंय. एकदाही अडखळत नाहीत."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. बाहेर पाकदे गुडघ्यांवर बोलत होते, मग पावसावर, आणि माझा जीव तिळतिळ तुटत होता. आम्ही चहा घेऊन आलो तेव्हा कुठे ते म्हणाले, "म्बाह, त्या कागदात एक चूक झाली आहे. तुमची नाही. यंत्राची."

"हो, हो," म्बाह म्हणाले.

"शेवटच्या ओळीत सुरुवातीचा दोन नाहीये. तीनवर सुरू. आणि तीनवर थांबायचं, पूर्ण चार मात्रा."

"हो."

"वाजवून दाखवू?"

म्बाहनी सारोन त्यांच्याकडे सरकवला. पाकदेंनी मोगरी उचलली. केतुकवाला माणूस, सारोनवर हात बसलेला नाही, पण वाजवलं नीट. आधीची ओळ पुरी केली. मग तीन. आणि थांबले. एक मात्रा, दोन, तीन, ओसरीवर कोणी हललं नाही, तो सूर पट्टीतून निघून विरत विरत गेला. मग दोन, एक, सहा, पाच, असे सावकाश खाली, आणि शेवटच्या मात्रेला त्यांनी तोंडानंच हळू "गाँग" म्हटलं.

म्बाह मन लावून ऐकत होते. मान हलली. चेहरा उजळला.

"छान आहे," ते म्हणाले. "फार छान. कोणाचं हे?"

पाकदेंनी मोगरी खाली ठेवली. "तुमचंच, म्बाह. लेरेन. तुमच्या गुरूंचं."

"नाही," म्बाह म्हणाले.

तीस वर्षं मी सोलोत आहे. जुन्या माणसाच्या तोंडून सरळ 'नाही' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यात राग नव्हता.

"नाही. त्यांचं असं नव्हतं." त्यांनी सारोन परत आपल्याकडे ओढला, वर टांगलेल्या कागदाकडे न बघता, आणि लहान मुलांना समजावतात तसं, सावकाश, आम्हाला दाखवलं. दोन, टिंब. तीन, एकच टिंब. मग खाली. "इथे दोन आहे. हा दोन विसरायचा नाही. मीसुद्धा साठ वर्षं विसरलो होतो. कळलं?"

मोगरी त्यांनी पाकदेंच्या हातात दिली आणि वाट बघत राहिले.

पाकदे म्हणाले, "हो, म्बाह." आणि त्यांनी तो दोन वाजवला. मग म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी गायले.